समुद्रतळावरच्या पाइपलाइनमध्ये कच्च्या तेलातलं मेण का साचतं? उपाय काय?

खोल समुद्रात तळाचं पाणी जेमतेम ४ अंश सेल्सिअस असतं. तेल विहिरीतून गरम निघतं, पण पाइपची भिंत मेणाचे स्फटिक बनण्याच्या तापमानाखाली (बऱ्याच तेलांत ३० ते ४० अंश) गेली, की विरघळलेलं पॅराफिन (म्हणजेच हे मेण) गार भिंतीकडे सरकून तिथेच चिकटतं. थर जुना होतो तसं त्यात अडकलेलं तेल बाहेर पडतं आणि तो कडक होतो. म्हणून पिग (तेलाच्या दाबाने पाइपमधून पुढे सरकत भिंतीवरचं मेण खरवडणारं साधन) ठरल्या वेळी फिरवाच. उशीर झाला तर खरवडलेलं मेण पुढे दाटून पिगच अडकतो, आणि त्याला तिथून सोडवणं भयंकर खर्चिक असतं! थर आधीच जाड असेल तर सुरुवात मऊ फोमच्या पिगने करा. मेणरोधक रसायन मात्र तेल गरम असतानाच, विहिरीच्या तोंडाशी सोडा. स्फटिक बनल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.