आठशे ग्रॅमचा पहिला महिना

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. सातशे ग्रॅमचा भाला जिथवर जायचा तिथे आठशेचा पोहोचत नाही, म्हणून तू हिरमुसलास. वर 98.48 मीटरचा विश्वविक्रम 1996 पासून हललेला नाही, माणसाची ताकद इथेच संपली का, असंही विचारतोस.

आधी 1984 ची गोष्ट ऐक. पूर्व जर्मनीच्या उवे होनने पूर्व बर्लिनमध्ये 104.80 मीटर भाला फेकला. स्टेडियममधलं मैदान अपुरं पडायची वेळ आली. शिवाय तेव्हाचे भाले तरंगत जाऊन आडवे पडायचे. टोक आधी टेकलं की नाही, यावरून वाद व्हायचे. म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. टोक लवकर खाली झुकू लागलं. विक्रमांची पाटी कोरी झाली आणि नव्या भाल्याचा पहिला विश्वविक्रम लागला 85.74 मीटरचा, क्लाउस टाफेलमायरचा. एकोणीस मीटर गेले. खांदे मात्र होते तसेच होते.

मग भाल्याची शेपटी खडबडीत करायची युक्ती निघाली आणि तो पुन्हा लांब जाऊ लागला. 1991 मध्ये फिनलंडच्या सेप्पो रॅटीने 96.96 मीटर गाठले. त्याच वर्षी तसे भाले बंद झाले, त्यांच्यावरचे विक्रमही पुसले गेले. नियम बरोबरच होता, पण रॅटीसाठी मला आजही वाईट वाटतं. त्याने फेकला तेव्हा तो भाला चालत होता. पोहण्यात उलट झालं: 2009 ला रोममध्ये खास पोशाखांवर 43 विश्वविक्रम झाले, 2010 पासून ते पोशाख बंद झाले, पण त्या पोशाखांतल्या विक्रमी वेळा यादीत तशाच राहिल्या.

तू म्हणतोस तो विश्वविक्रम, चेक भालाफेकपटू यान झेलेझ्नीचे 98.48 मीटर, या सगळ्या उलथापालथीनंतरचे आहेत, म्हणून मी त्याला इतका मानतो. नीरजने 2025 ला दोहात 90.23 मीटर फेकले, तेही याच नियमांतल्या भाल्याने. त्याची फेक होनशेजारी ठेवून मोजू नकोस.

तुझ्या वहीतल्या जुन्या फेकी खोडू नकोस. खाली रेघ मार, '800' लिही आणि पहिल्यापासून मोज. प्रत्येक फेकीपुढे वारा समोरून होता की मागून, धावपट्टी ओली होती का, हेही लिही. शनिवारी वही घेऊन ये.

आणि कोपर दुखतंय हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. ते पहिल्या ओळीत हवं होतं. मी बघेपर्यंत फेक बंद, फक्त पळायचं.

तुझे सर