बिनसुईचं इंजेक्शन: सासऱ्यांसाठी यंत्र घ्यावं का?

ताई, तुमच्या सासऱ्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन आहे, सुई पाहिली की ते हात झटकतात, आणि पुतण्या बिनसुईचं यंत्र घ्या म्हणतो. मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर २६ वर्षं आरोग्यसेविका होते. माझं मत विचाराल तर इतक्यात पैसे घालू नका.

औषध कातडीत सोडायचं की कातडीखाली, हा पहिला प्रश्न. क्षयाची बीसीजी लस कातडीतच सोडावी लागते. महिन्याच्या आतल्या बाळाला फक्त ०.०५ मिली, डाव्या दंडावर. सुई जवळजवळ आडवी धरायची, टोकाचं भोक वरच्या बाजूला. दट्ट्या दाबताना अंगठ्याला अडल्यासारखं लागतं आणि पांढरट फुगा उठतो, वर बारीक खळगे, थेट आपल्या संत्र्याच्या सालीसारखे. फुगा नाही उठला की समजायचं, लस खाली उतरली. नवीन असताना एका लेकराचा फुगा उठलाच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा हात बसायला महिने जातात.

अशा कामाला बिनसुईचं यंत्र फार मोलाचं आहे. आत स्प्रिंग दाबलेली असते; ती सुटली की बारीक छिद्रातून औषधाची धार सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने निघते आणि स्वतःच कातडी भेदते. हाताच्या कसबावर कमी अवलंबून, आणि वापरलेली सुई कुणाला टोचण्याची भीती नाही. २०२१ मध्ये आपल्याकडे मंजूर झालेली झायकोव्ह-डी ही कोविडची लस अशीच द्यायची होती. पण दुखतच नाही, हे खरं नाही. रबर बसल्यासारखा चटका लागतो, कधी रक्ताचा थेंब येतो, काळंनिळं पडतं. यंत्र घट्ट आणि सरळ टेकवलं नाही, माणूस दचकला, तर औषध वरच सांडतं. लसीच्या वेळी ते दिसतं तरी. घरी इन्सुलिन किती सांडलं हे कोण मोजणार?

इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत जायला हवं. कातडी असते दोन-अडीच मिलिमीटर, म्हणून इन्सुलिन पेनची ४ मिलिमीटरची सुई सरळ टोचली की काम होतं. शिवाय धारेने दिलेलं इन्सुलिन लवकर भिनतं, त्यामुळे जेवणाची वेळ आणि डोस डॉक्टरांनी पुन्हा बसवून द्यावा लागतो. आणि यंत्राचे सुटे भाग आपल्या खेड्यात वेळेवर मिळतील का, तेही बघा.

आता मला सांगा, एक सुई किती दिवस वापरता? आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवस तीच चालवणारी घरं मी पाहिली आहेत. टोक बोथट होतं, मग दुखणारच. फ्रीजमधून काढून लगेच टोचता का? थंड औषध झोंबतं. चालू कुपी मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, फ्रीजमध्येच ठेवा, वापरायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढा; फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा. स्पिरिट लावलं तर वाळू द्या. कुपीने देत असाल तर तिच्यावर ४० लिहिलंय की १०० (म्हणजे एका मिलीत किती युनिट), आणि सिरिंज त्याच मापाची आहे ना, हे आजच बघा. यात चूक झाली तर साखर एकदम उतरते, नाहीतर चढते.

एक कळकळीची विनंती. पुढे कधी यंत्र घेतलंच, तर त्याचं तोंड शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरवू नका. जुन्या यंत्रांत एकच तोंड सगळ्यांना लावत. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत त्यातून कावीळ ब पसरली, म्हणून ती यंत्रं बाद झाली. आताच्या यंत्रांत औषधाची नळी दर माणसाला वेगळी असते.

उद्या सकाळी सासऱ्यांच्या पोटावरून बोटं फिरवा. घट्ट गाठी लागल्या तर तिथे टोचणं बंद करा, जागा रोज बदला, आणि डॉक्टरांना गाठी दाखवा, कारण चांगल्या जागेवर तोच डोस जास्त लागू पडतो. नवी सुई, बदललेली जागा, असं आठ दिवस करून मला इथेच कळवा.