४६ गुणसूत्रं दुप्पट होतात, मग ९२ का म्हणत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: पेशीच्या विभाजनाआधी माणसाच्या ४६ गुणसूत्रांची नक्कल होते असं पुस्तक सांगतं आणि लगेच पुढे संख्या ४६च राहते असंही सांगतं, तर खरं काय? मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी वर्गातलं एखादं तरी मूल इथे अडतं. न अडता पुढे गेलेल्यांनी बहुतेक वेळा नुसतं पाठ केलेलं असतं.

गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे. गुणसूत्रं मोजताना धागे मोजत नाहीत, गुणसूत्रबिंदू मोजतात, म्हणजे दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात ती जागा. दोन सारख्या नाड्या घ्या आणि मधोमध एका सेफ्टी पिनेने जोडा. नाड्या दोन झाल्या, पण पिन एकच, म्हणून गुणसूत्रही एकच. त्यातल्या प्रत्येक नाडीला क्रोमॅटिड म्हणायचं. नक्कल झालेल्या पेशीत क्रोमॅटिड ९२, डीएनए दुप्पट आणि गुणसूत्रं ४६. (गुणसूत्रबिंदूतल्या डीएनएचीही नक्कल झालेली असते, पण जोड सुटेपर्यंत तो एकच धरायचा असा संकेत आहे.)

आता ही नक्कल कशी होते ते बघा, कारण इथला हिशेब फार मजेशीर आहे. आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रात डीएनएच्या सुमारे २५ कोटी अक्षरजोड्या आहेत. नक्कल करणारी यंत्रणा सेकंदाला साधारण ५० अक्षरं पुढे सरकते. मधल्या एकाच जागी सुरुवात करून दोन्ही बाजूंना काम चाललं, तरी सेकंदाला शंभरच अक्षरं होतात. म्हणजे २५ लाख सेकंद, जवळजवळ २९ दिवस! प्रत्यक्षात पेशी हे सगळं काम आठेक तासांत उरकते, कारण सगळी गुणसूत्रं मिळून हजारो ठिकाणी काम सुरू होतं. डीएनए दोन पट्ट्यांचा असतो आणि प्रत्येक नव्या प्रतीत एक पट्टी जुनी आणि एक नवी असते. मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ साली जिवाणूंवर प्रयोग करून हे दाखवलं.

आणि ती सेफ्टी पिन? ती खरोखर आहे. कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी दोन्ही प्रतींना वेढून बसते, तीही नक्कल होत असतानाच. पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, गुणसूत्राच्या बाहूंवरच्या बहुतेक कड्या गळतात आणि गुणसूत्रबिंदूजवळच्या टिकतात. पुस्तकातला तो प्रसिद्ध इंग्रजी एक्ससारखा आकार यातूनच येतो. विद्यार्थी गुणसूत्र म्हटलं की कायम एक्स काढतात. तसा तो फक्त थोडा वेळ असतो.

पुढच्या टप्प्यात, मध्यावस्थेत, पेशीच्या दोन्ही ध्रुवांकडून आलेले तुर्कतंतू (गुणसूत्रांना ओढणारे धागे) गुणसूत्रांना ओढत असतात. तरी एक जरी गुणसूत्र या तंतूंना नीट जोडलं गेलेलं नसेल, तर पेशी सहसा थांबून राहते. शेवटचं जोडलं गेलं की सेपरेज हे विकर कोहेसिनच्या उरलेल्या कड्या कापतं. पश्चावस्था, म्हणजे वाटणीचा टप्पा, सुरू होते आणि त्या क्षणी पेशीत खरोखर ९२ गुणसूत्रं असतात. मग ४६ एका बाजूला, ४६ दुसऱ्या बाजूला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर असं: ९२ होतात, पण नक्कल झाल्यावर नाही, वाटणी सुरू झाल्यावर.

अर्धसूत्री विभाजनाचा, म्हणजे अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार करणाऱ्या विभाजनाचा, एक धागा सोडवत नाही. मुलगी जन्माला येण्याआधीच तिच्या अंडपेशी पहिल्या विभाजनाच्या मध्येच थांबतात आणि पुढे काही दशकं तशाच राहतात. एवढा काळ जोड धरून ठेवायचं काम कोहेसिनचंच. वयानुसार ही पकड सैल होते. आईचं वय वाढलं की २१व्या गुणसूत्राची जादा प्रत बाळात येण्याची, म्हणजे डाउन सिंड्रोमची, शक्यता का वाढते याचं हे एक महत्त्वाचं कारण मानलं जातं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कांदा घ्या. पाण्याच्या ग्लासवर ठेवला की तीन-चार दिवसांत मुळं फुटतात. सकाळी फक्त टोकं कापून घ्या. मुळाच्या टोकाच्या वरच्या भागात विभाजन दिसणार नाही. कांद्यात गुणसूत्रं १६, म्हणजे पश्चावस्थेत ३२. मात्र स्लाइडवरच्या बहुतेक पेशी विश्रांतीत असल्यासारख्या दिसतील आणि ज्या विभागत असतील त्यांत गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असतील, त्यामुळे मोजणी चुकू शकते. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असंच तीसहून अधिक वर्षं शिकवलं जात होतं. ४६ हा आकडा त्यिओ आणि लेवान यांनी १९५६ साली पक्का केला. कॉलेजात असताना माझी कांद्याची पहिली मोजणी १५ आली होती आणि बाईंनी जर्नलवर सही न करता मला परत सूक्ष्मदर्शकापाशी पाठवलं होतं.