मखराच्या खोक्यातली क्वार्टर

"मॅडम, आम्ही पैसे बंद केले म्हणून तर गेला नाही ना तो?"

व्यसनापायी मूल गमावलेल्या आईबापांकडून हा प्रश्न मी निरनिराळ्या रूपांत ऐकत आले आहे. कुणी एका रात्री दार उघडलेलं नसतं, कुणी 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून लग्न लावून दिलेलं असतं. या काकूंनी (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पैसे बंद केले होते. दोन महिन्यांनी मुलगा रक्ताची उलटी होऊन गेला. वय चौतीस.

मी पहिल्याच भेटीत चुकले. पटकन म्हणून गेले, "काकू, तुमचं काही चुकलेलं नाही." त्यांनी पदर सावरला, "हो, सगळे असंच म्हणतात," म्हणाल्या आणि पर्स उचलली. त्यांना अजून बोलायचं होतं, आणि मी निकाल देऊन मोकळी झाले होते.

पुढच्या वेळी त्यांना मुलाची फाइल आणायला सांगितली. लिव्हर सिरॉसिस. यकृत घट्ट होत जातं, त्यातून रक्ताला नीट वाट मिळत नाही, मग अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. हे दोन महिन्यांत होत नाही, वर्षं जातात. काकूंनी एका जुन्या सोनोग्राफीच्या तारखेवर बोट ठेवलं. "हा तर तीन वर्षांपूर्वीचा." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "आणि पैसे बंद केले तरी त्याची कुठं बंद झाली होती? उधारीवर चालूच होती."

ज्यांचं माणूस आज पीत आहे, त्यांच्यासाठी इथंच एक सांगते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. खोलीत कोंडून दारू सोडवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. कुठं जायचं कळत नसेल तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा.

तिसऱ्या भेटीत काकू मुळाशी आल्या. मुलगा गेल्यावर माळा आवरताना मखराच्या खोक्यात एक क्वार्टर सापडली होती, अर्धी भरलेली. मखर त्यानंच बनवलेलं, कॉलेजात असताना, थर्मोकोलवर बंदी यायच्या आधी. "देवाच्या सामानात, मॅडम! माझ्या नाकाखाली फसवत होता मला." रडल्या नाहीत. संतापल्या होत्या. दारूच्या वर्षांनी त्याआधीची सगळी वर्षं पुसून टाकली होती. मुलाची आठवण काढायला बसलं की ती बाटलीच समोर येत होती.

मी त्यांना अल-अनॉनच्या मीटिंगला जाऊन बघा म्हटलं. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारानं दारूपासून लांब राहायला सुरुवात केली, त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. त्यांच्यापैकी एकाची बायको लोइस हिनं १९५१ मध्ये मैत्रिणीच्या साथीनं घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. काकू म्हणाल्या, "पेशंटच उरला नाही, आता कुणासाठी जाऊ?" हा प्रश्न बरेच जण विचारतात. मी म्हटलं, "तुमच्यासाठी. दोनदा जा, नाही पटलं तर सोडा."

पहिल्या दिवशी त्या नुसत्या चहा पिऊन परत आल्या. एक बाई म्हणाली, 'हे दुखणं मी आणलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही, मी ते बरं करू शकत नाही.' काकूंना ते पाठ केलेलं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही ते कधीकधी तसंच वाटतं.

बोलतं केलं ते निराळ्याच माणसानं. पिणाऱ्यांच्या गटाची खुली मीटिंग होती, घरच्यांनाही बोलावलं होतं. तिथं काकूंनी बाटलीची गोष्ट सांगितली. पाच वर्षं न प्यायलेला एक रिक्षावाला म्हणाला, "काकू, मी फ्लशच्या टाकीत ठेवायचो. फसवायचोच, खोटं कशाला बोलू? पण आईला दिसली तर तिचं तोंड कसं होईल, ते बघायची हिंमत नव्हती. ज्याला लाज नसते तो टेबलावर ठेवतो."

हे मी सांगितलं असतं तर ती समजूत ठरली असती. तो सांगत होता, कारण त्यानं टाकीचं झाकण रोज उचललं होतं.

यंदा गणपतीआधी काकूंनी त्यालाच मखर खाली काढायला बोलावलं. बाटली त्यांनी मोरीत ओतली. मखराची एक कमान मोडली होती, ती चिकटवताना आतल्या बाजूला पेन्सिलीचा आकडा दिसला. "पाटाचं माप, मॅडम. अठरा इंच. मीच टेप धरली होती," त्या म्हणाल्या, आणि मग तासभर मला त्या वर्षीचा गणपती सांगत बसल्या.