बागेला पैसा हवा, पण कोणत्या खात्यातला?

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या लेआउटमध्ये १२ गुंठ्यांची बाग आहे. दोन वर्षं माळी नाही, हिरवळ वाळली, आता फाटकाला कुलूप लागलंय. महापालिका म्हणते, निधी नाही. नगरसेवक मात्र तिथे सभामंडप बांधून द्यायला तयार आहेत. मंडप घ्यावा, की वर्गणी काढून बाग चालवावी?
– एक वाचक

उत्तर : मंडप घेऊ नका. उद्यान विभागात ३१ वर्षं काढल्यावर मी हे अगदी कळकळीनं सांगते आहे.

‘निधी नाही’ हे अर्धंच खरं. भांडवली, म्हणजे एकदाच बांधून द्यायच्या, कामाला पैसा असतो. मंडप, पेव्हर ब्लॉक, व्यायामाची उपकरणं, सगळं होतं. माळ्याचा पगार, पाणी, मोटारीची दुरुस्ती हा महसुली, म्हणजे दरवर्षी लागणारा, खर्च, आणि कात्री आधी तिथेच लागते. त्यातून महापालिका अधिनियमात बागा ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात, म्हणजे रस्ते-गटारांनंतर.

माझ्या हाताखालच्या एका बागेत मोठा खर्च करून कारंजं बसवलं. त्याच्या वीजबिलाची तरतूद कुणी केलीच नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात त्यात पाचोळा साठला, पावसाळ्यात डास झाले. त्याच बागेत आमचा माळी नळीच्या भोकांना सायकलची ट्यूब गुंडाळून गुलाबांना पाणी घालत होता, कारण नवी नळी ‘देखभाल’ या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या रकान्यातून, घ्यायची आणि ते डिसेंबरातच संपलेलं. मला आजही त्याची लाज वाटते.

म्हणून मागणी नेमकी करा : एक माळी, पाण्याचं कनेक्शन, मोटारीची दुरुस्ती, देखभालीच्या लेखाशीर्षात, बागेच्या नावानिशी. अर्ज दिवाळीच्या सुमारास द्या. अंदाजपत्रक १ एप्रिलपासूनचं असलं तरी आकडे त्याच्या कितीतरी आधी ठरतात; मार्चमध्ये गेलेला कागद वाया. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात. तुमच्याकडे तशी सोय असेल तर तिथेही हेच लिहा.

पण त्याआधी नगररचना विभागातून मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत काढा. ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार तिच्यावर १५ टक्क्यांपेक्षा जास्त बांधकाम चालत नाही. बंगळूरला बागेसाठी राखलेली जागा रुग्णालयाला दिली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. रुग्णालयासाठीसुद्धा नाही, मग मंडपाचं काय!

वर्गणी जरूर काढा, रोपांसाठी, खतासाठी. पगार मात्र तुम्ही भरू नका. एकदा भरलात की ती तरतूद महापालिकेच्या कागदावर परत येत नाही.

नकाशाची प्रत मिळाली की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा. जुन्या प्रतींवरचं मंजुरीचं वर्ष पुष्कळदा पुसट असतं. मी पाहून कळवीन.