पोटगी किती मिळणार हे कोर्ट कशावरून ठरवतं? 25 टक्के फिक्स असतात का?

तुमचा प्रश्न वाचला. लग्नाला 9 वर्षं, मुलगी 6 वर्षांची, ती झाल्यावर तुम्ही नोकरी सोडली, नवऱ्याच्या हातात महिना 90 हजार येतात आणि तो म्हणतो तू एम.कॉम. आहेस, तुला कोर्ट एक रुपया देणार नाही. तुमची मावशी म्हणते 25 टक्के तर फिक्सच असतात. मी वकील नाही, पण 2021 मध्ये पुण्यात स्वतः यातून गेलेय, त्यामुळे सांगू शकते की नवरा पण चुकतोय आणि मावशी पण.

25 टक्क्यांचं असं झालं की 2017 ला बंगालमधली एक केस सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथे कोर्ट म्हणालं की नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम योग्य ठरेल. तेवढंच वाक्य लोकांनी उचललं. पण त्याच केसमध्ये नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, नवा संसार होता, म्हणून 23 हजाराची पोटगी 20 हजारावर आणली हे कोणी सांगत नाही. कायद्यात टक्का कुठेच लिहिलेला नाही.

खरं बघायला जाल तर सगळा खेळ कागदांचा आहे. नागपूरच्या फॅमिली कोर्टातून सुरू झालेल्या एका केसमध्ये (रजनेश विरुद्ध नेहा) सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल दिला आणि तेव्हापासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च असं सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. सोबत पगाराच्या स्लिपा, रिटर्न, बँकेची स्टेटमेंट. मग कोर्ट बघतं की दोघं कसं राहत होते, लग्न किती वर्षांचं, वय, शिक्षण, नोकरी कोणी कशासाठी सोडली, मूल कोणाकडे आहे, नवऱ्यावर आईवडिलांची जबाबदारी आहे का.

माझं सांगते. माझ्या नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, रिटर्नमध्ये वर्षाचं उत्पन्न 4 लाख 20 हजार, म्हणजे महिना 35 हजार. आमचे वकील एकदम शांत, त्यांनी फक्त त्याच्याच बँकेच्या स्टेटमेंटवर हायलायटर फिरवला: गाडीचा हप्ता 19,500, फ्लॅटचा 14,000, मुलीची शाळेची फी महिन्याला पडते 7,000, झाले 40,500. जज मॅडमनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, मग हे जेवतात कशावर? समोरचे वकील म्हणाले वडील मदत करतात. त्या नुसत्या हूं म्हणाल्या.

पण माझीही फजिती झालीच. खर्चाच्या रकान्यात मी अंदाजाने किराणा 22 हजार ठोकून दिला होता, जास्त मागितलं की निम्मं तरी मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं ना. समोरचे वकील उभे राहून म्हणाले, एक बाई आणि एक लहान मूल महिन्याला 22 हजाराचा किराणा खातात मॅडम, आणि मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढचे बाकीचे आकडे खरे होते पण त्यांच्यावरही संशय आला. म्हणून तुम्ही आजपासून एक साधी वही घाला: दूध, गॅस, रिक्षा, औषधं, फी, आणि पावत्या एका पाकिटात. तुमच्या नावावर एफडी असेल तर ती पण लिहा. मी माझी 3 लाखांची लपवणार होते, वकिलांनी झापलं म्हणून वाचले.

शेवटी अंतरिम (म्हणजे निकाल लागेपर्यंतची) पोटगी मला 9 हजार आणि मुलीला 7 हजार अशी 16 हजार झाली. मागितले होते 40. पण ऑर्डर अर्ज केल्याच्या तारखेपासून होती, तोवर 11 महिने गेलेले, त्यामुळे 1 लाख 76 हजार थकबाकी एकदम निघाली. म्हणून जायचंच असेल तर अर्ज लवकर टाका.

आता तुमच्या एम.कॉम.चं. कमवू शकते आणि कमावते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच सांगितलंय, म्हणजे नुसत्या डिग्रीवर पोटगी अडत नाही. पण दुसरी बाजू पण ऐका, दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये एका उच्चशिक्षित बाईला अंतरिम पोटगी नाकारली, म्हणाले शिकलेल्या माणसाने मुद्दाम रिकामं बसू नये. त्यामुळे नोकरीसाठी अर्ज केले असतील तर ते ईमेल जपून ठेवा, आणि मुलीसाठी नोकरी सोडली तेव्हाचं राजीनाम्याचं पत्र सापडलं तर सोन्याहून पिवळं.

नवरा पगारदार आहे, त्याला पगार लपवता येत नाही हे तुमचं नशीब. तो कदाचित पर्सनल लोन काढून दाखवेल की बघा हातात 50च उरतात. कोर्ट साधारण इन्कम टॅक्स आणि पीएफसारखी सक्तीची कपातच मान्य करतं, हौसेने घेतलेल्या कर्जाला फारसं विचारत नाही. अर्धी प्रॉपर्टी मिळते हे मात्र डोक्यातून काढा, ते गोव्यात, तिथे पोर्तुगीजांच्या काळापासूनचा सिव्हिल कोड आहे. आपल्याकडे नाही.

कलमं थोडक्यात: हिंदू विवाह कायद्याचं 24 म्हणजे केस चालू असताना, 25 म्हणजे कायमची. हे नवऱ्यालाही मागता येतं बरं का, नांदेडच्या एका शिक्षिकेला नवऱ्याला महिना 3 हजार द्यायला लावलेत. घटस्फोट न घेता पण पोटगी मागता येते, आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, जुलै 2024 पासून तेच बीएनएसएस म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, ते सगळ्या धर्मांना लागू. दोन ठिकाणी मागितली तरी एकीकडची रक्कम दुसरीकडे धरतात, डबल मिळत नाही.

महिन्याची घ्यायची की एकरकमी? महिन्याची पोटगी, परिस्थिती बदलली तर, वाढवून मिळते, पण कमीही होते, दुसरं लग्न केलं तर बंद होऊ शकते, आणि नवरा देईनासा झाला तर वसुलीला पुन्हा कोर्ट. 125/144 ची थकली तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका, त्याहून जुन्या थकबाकीवर वॉरंट निघत नाही. मी कंटाळले आणि संमतीच्या घटस्फोटात एकरकमी 16 लाखांवर मिटवलं, अर्धे पैसे अर्ज दाखल करताना, अर्धे शेवटच्या तारखेला, डीडीने. डीडी हातात आल्याशिवाय सही करू नका, माझ्या वेळी नवरा पहिल्यांदा डीडीची झेरॉक्स घेऊन आला होता, ओरिजिनल बँकेत आहे म्हणे. आम्ही तारीख घेतली आणि घरी गेलो. पुढच्या तारखेला ओरिजिनल आला.

आणि मुलीची रक्कम वेगळी लिहून घ्या, तुमच्या आकड्यात मिसळू देऊ नका. तिचा हक्क तुम्ही सोडून देऊ शकत नाही, तडजोडीत कोणी तसं वाक्य घातलं तर खोडायला सांगा.