सहलीला गर्दी, वर्गणीला मोजके

प्रश्न : सोलापुरात आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी मिळून एक वारसा व स्नेहमंडळ चालवतो. हंपीची सहल जाहीर केली की बस भरते; पण वार्षिक वर्गणीला निम्मे सभासदही पुढे येत नाहीत, तरुण फिरकत नाहीत आणि सगळे काम चिटणीस व खजिनदार यांच्यावरच पडते. मंडळ टिकवायचे कसे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हंपीच्या बसमध्ये बसणाऱ्याला आपले मंडळ म्हणजे एक खात्रीची प्रवासी कंपनी वाटत असेल, तर त्यात त्याचा दोष नाही, कारण एक सहल संपल्यापासून दुसरी जाहीर होईपर्यंत मंडळाकडून त्याला काहीच कळत नाही. म्हणून मोठी सहल वर्षातून एकच ठेवावी आणि दर महिन्याच्या ठरावीक रविवारी सकाळी गावातच फेरी काढावी. पाच माणसे आली तरी ती रद्द करू नये. उन्हाळ्यात साडेसहाला निघून नऊच्या आत घरी परतावे, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

फेरीसाठी विषयांचा तुटवडा नाही. भुईकोट किल्ला, महापालिकेची इंद्रभुवन ही जुनी इमारत आणि डॉ. कोटणीस स्मारक यांच्या तीन स्वतंत्र सकाळी होतील. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि १२ जानेवारी हा मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिल्याचा दिवस. तेव्हा ज्या आंदोलनातून ही फाशी झाली, त्या वेळच्या १९३० च्या मार्शल लॉचा (लष्करी कायद्याचा) इतिहास आणि सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांपैकी काही ठिकाणे त्या महिन्यात पाहावीत. हिवाळ्यात भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलला जावे. तेथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आणि अनेक मुखे कोरलेले शिवलिंग घाई न करता पाहण्याजोगे आहे. जेवण घरूनच आणावे; कडक भाकरी आणि शेंगाचटणी असल्यावर हॉटेलचा खर्च कशाला?

मात्र माहिती सांगणारा दर वेळी बाहेरचा तज्ज्ञ नसावा, याचा मी विशेष आग्रह धरेन. शहराच्या पूर्व भागातील ज्या तेलुगूभाषक विणकरांचे आयुष्य मागावर गेले, त्यांनी जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रणेवर) चादरीची नक्षी कशी उतरते हे त्यांच्या तेलुगू वळणाच्या मराठीत सांगितले, तर तो सभासद आणि त्याची नातवंडे दोघेही मंडळाचे होतील. प्रत्येक फेरीची जबाबदारी एका जुन्या आणि एका नव्या सभासदाकडे द्यावी. नव्याने छायाचित्रे काढावीत व ऐकलेले पानभर लिहून ठेवावे. तरुणांना केवळ हजेरीसाठी बोलावले की ते येत नाहीत, काम सोपवले की येतात.

वर्गणी आणि सहलीचा खर्च यांचे हिशेब वेगळे ठेवून ते सर्वांसमोर वाचावेत. बिगरसभासदाला दोन फेऱ्या मोकळ्या असाव्यात, मोठ्या सहलीत मात्र सभासदांना आधी जागा व कमी शुल्क असावे.

चिटणीस-खजिनदारांची मुदत ठरवून प्रत्येकाला आत्ताच एक सहायक द्यावा. मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असेल, तर कार्यकारिणी बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहून गेला की पुढे बँकेतील सह्या बदलतानाही अडते. तेव्हा नवी निवड होताच त्याच आठवड्यात हे काम हातावेगळे करावे.